कप्तानाचे कादरचाचा

कादरचाचांनी कुत्र्यासाठी वेगळे कपडे ठेवले होते. कुत्र्याला घालायचे नव्हेत, कुत्र्याकडे जाताना स्वतः घालायचे. एक विटलेली चौकटीची लुंगी आणि खांद्यावर उसवलेलं बनियन. दुपारची नमाज झाली की चाचा मशिदीतून घरी येत, पांढरा सदरा-लेंगा काढून खुंटीला लावत, ही लुंगी गुंडाळत आणि मागच्या दाराने पडवीत जात. तिथे गोणपाटावर कप्तान पडलेला असे. चाचा त्याच्या शेजारी फतकल मारून बसत आणि त्याचे खुबे, मागचे पाय, पाठीचा कणा सावकाश चोळून देत. मग नळावर हात धुवायचा कार्यक्रम. तो साधासुधा नसे. कोकणातल्या मुसलमान घरांत कुत्र्याची लाळ अंगाला लागली तर सात पाण्यांनी धुवायचं असतं, आणि त्यातलं एक पाणी मातीचं. त्यासाठी चाचांनी नळाशेजारी चाळलेल्या मातीचा डबा ठेवला होता. कप्तान काही हात चाटल्याशिवाय सोडत नसे, त्यामुळे डबा रोज उघडावा लागे.

"निघाले साहेब ड्युटीला," असं स्वयंपाकघराच्या खिडकीतून हलिमाचाची रोज म्हणत. चाचा रोज ऐकून न ऐकल्यासारखं करत.

मी घाटावरचा. बोर्ली पंचतनच्या पुढे, दिघीच्या वाटेवर खाडीकाठी एक गाव आहे, तिथल्या शाळेत माझी बदली झाली आणि चाचांच्या घराची पुढची खोली मला भाड्याने मिळाली. जेवण त्यांच्याकडेच. चाचांचा मुलगा कुवेतला, मुलगी लग्न होऊन मुंब्र्याला, त्यामुळे एवढ्या मोठ्या घरात हे दोघं आणि मागे तो कुत्रा. तांबूस रंगाचा, रुंद छातीचा, एक कान अर्धा फाटलेला. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "चाचा, कप्तान हे नाव कसं काय?"

"मास्तर, सारी उमर जहाजावर खलाशी हुतो. कप्तान बोलला ऊठ, उठलो. बोलला बस, बसलो. म्हटलं एक तरी कप्तान आपल्या हुकमातला असावा."

"आन आता बघा कोन कोनाच्या हुकमात हाय ते!" आतून चाचींचा आवाज आला.

कप्तान घरात येत नसे. तो राखणीचा कुत्रा होता, आणि राखणीसाठी कुत्रा ठेवायला धर्माची हरकत नाही हे चाचा प्रत्येक नव्या माणसाला आपण होऊन सांगत. घरामागे त्यांची नारळी-सुपारीची वाडी. माकडांचा उपद्रव भारी. तरुणपणी कप्तानाचा असा दरारा होता म्हणे, की शेजारच्या वाडीत धुडगूस घालणारी माकडं चाचांच्या कुंपणाशी येऊन वळून जात. मी पाहिला तेव्हा ते दिवस सरले होते. माकडं उंबराच्या झाडावर बसून त्याच्याकडे बघत आणि तो खाली पडल्या पडल्या नुसता गुरगुरत असे. उठायचं झालं तर आधी पुढचे पाय रोवायचा, थांबायचा, मग मागचा भाग ओढल्यासारखा वर आणायचा. ते पाहताना आपल्याच कमरेत कळ यायची.

मशिदीबाहेर एकदा इस्माईलभाईंनी, म्हणजे गावातल्या किराणा दुकानदारांनी, चाचांना छेडलं. "कादर, आता कसली रे राखन? नारळ माकडं नेतात आन भाकरी ह्यो खातो."

"ह्यान नोकरी केली हाय पुरी. आता पेन्शनीत हाय," चाचा म्हणाले. "तुझा भाव पन पेन्शनीत हाय ना? काढलास त्याला घराभायेर?"

इस्माईलभाईंना हसू आवरेना. पण चाचा हसले नाहीत. रस्त्यात मला म्हणाले, "मास्तर, मला येकच वाटतं. त्यान शेवटपर्यंत सोताच्या पायावर उठावं. बाकी काय मागनं न्हाय." त्या एका गोष्टीसाठी या माणसाने पुढे काय काय केलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणूनच हे लिहायला बसलो.

सुरुवात मात्र चुकीने झाली, आणि ती चूक आमच्या त्या किनाऱ्यावरच होऊ शकते. तिथे घरटी एक माणूस आखातात असतो आणि घरटी एक डबा 'भायेरच्या' औषधांचा असतो. गुडघा दुखला, कुवेतची गोळी. पाठ धरली, दुबईचं मलम. गावच्या दवाखान्यातली गोळी ती गोळीच नव्हे अशी सगळ्यांची पक्की समजूत. चाचांच्या गुडघ्यांसाठी मुलाने गोळ्यांची पाकिटं पाठवली होती आणि त्या गोळ्यांनी चाचा जिना चढू लागले होते. तेव्हा एका संध्याकाळी त्यांनी त्यातली एक गोळी बांगड्याच्या तुकड्यात खुपसून कप्तानाला दिली. दुसऱ्या दिवशी आणखी एक.

चमत्कार झाला. कप्तान उठला, वाडीभर फिरला, माकडांवर भुंकून धावलासुद्धा. इस्माईलभाई बघायला आले. "कुवेतचं औशद हाय, हसतोस काय!" असं चाचा ज्याला त्याला सांगत होते. मुलाला फोन गेला, आणखी पाकिटं पाठव. आणि दोन-तीन दिवसांत कप्तानाने खाणं टाकलं. उलट्या सुरू झाल्या, शी डांबरासारखी काळी झाली. मागचे पाय राहिलेच, आता मानही उचलेना. रिक्षा करून आम्ही त्याला बोर्लीच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गोणपाटात गुंडाळलेला कप्तान चाचांच्या मांडीवर होता आणि चाचा वाटभर काहीतरी पुटपुटत होते.

तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या, मराठवाड्याकडच्या. गाई-म्हशी आणि शेळ्यांच्या गर्दीतून त्यांनी आम्हाला आधी आत घेतलं. गोळीचं पाकीट पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "चाचा, माणसाची दुखण्याची गोळी कुत्र्याच्या पोटात जखमा करते. रक्त जातंय आतून. परत कधी घरातली गोळी द्यायची नाही. अर्धीसुद्धा नाही." सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. चाचा भिंतीला टेकून उभे. त्यांचा चेहरा पाहून मॅडमचा आवाज उतरला. त्यांनी विचारलं, "दुखणं कधीपासून आहे याला?"

"दुखत न्हवतं वो. कदी वरडला न्हाय, कदी कन्हला न्हाय. जरा ढिला पडला हुता, म्हातारपन."

"ओरडणार नाहीच तो. सांध्यांची झीज झालेली जनावरं ओरडत नाहीत. काय करायचं सोडलंय त्यानं, ते सांगा."

चाचा विचारात पडले. मग एकेक आठवू लागलं. आधी वाडीच्या दगडी गडग्यावर चढून बसायचा, ते सोडलं. मग विहिरीपर्यंत सोबत यायचं सोडलं. पाय वर करून मुतायचं सोडलं. पाऊस लागला की सारं अंग झाडून पाणी उडवायचा आणि चाची ओरडायच्या, तेही मागच्या पावसाळ्यात सोडलं. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला.

"हे समदं मला ठावं हुतं," ते म्हणाले. "रोज बघत हुतो. पन कळलं न्हाय."

कप्तान वाचला. तो बरा होऊन घरी आला आणि चाचांच्या घराचा कारभारच पालटला. झालेली झीज भरून येत नाही, दुखणं कमी ठेवणं आणि पाय चालते ठेवणं एवढंच हातात आहे, असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. पहिलं काम वजन उतरवायचं. कप्तान लोकप्रिय असल्यामुळे चार घरांतून त्याला माशाचं कालवण कालवलेला भात आणि चहात बुडवलेला पाव मिळत असे. चाचांनी चारही घरं हिंडून हात जोडले. "माझ्या कप्तानावर पिरेम हाय ना? मंग त्याला उपाशी ठेवा." पडवीतल्या गुळगुळीत लाद्यांवर त्याचे पाय घसरत, म्हणून तिथे काथ्याच्या चटया आल्या. पायरीवर एका जुन्या होडीची फळी उतरती टाकली आणि तिच्यावर काथ्याचे दोर आडवे ठोकले. नखं वेळच्या वेळी कापायची. कुत्र्यासाठीची गोळी मॅडमनी लिहून दिली होती, ती पोटात अन्न गेल्यावरच द्यायची. एकदम लांब फिरवायचं नाही, थोडं थोडं, पण रोज. आणि दुपारची ती मालिश. चाचा शिस्तीचे. खलाशाची सवय, सांगितलेलं काम चुकायचं नाही.

अडचण आली ती पाण्याची. मॅडम म्हणाल्या होत्या, "छातीभर पाण्यात चालवा. अंगाचा भार पाणी उचलतं, सांध्यांवर येत नाही, आणि पायात बळ येतं." खाडी घरापासून हाकेच्या अंतरावर. पण पाण्यात चालवायचं म्हणजे भिजलेल्या कुत्र्याला दोन्ही हातांनी धरून कमरेइतक्या पाण्यात उभं राहायचं. चाटलेला हात धुणं वेगळं आणि सगळं अंग ओल्या कुत्र्याला लावणं वेगळं. चाचा दोन दिवस अस्वस्थ होते. शेवटी जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आले. मी विचारलं, काय म्हणाले?

"हसले. बोलले, कादरभाई, धुवायला कुनी मनाई केलीय काय तुमाला?"

मग काय, भरतीच्या वेळा धरून दोघांची स्वारी खाडीवर निघू लागली. चाचांना भरती बघायला पंचांग लागत नसे की मोबाइल. चंद्राची तारीख धरून ते सांगायचे, आज पाणी कधी चढेल. त्यामुळे कधी ही फेरी माझ्या शाळेआधी व्हायची, कधी शाळा सुटल्यावर, आणि मीही सोबत जायचो. नारळ वाहायच्या हातगाडीवर कप्तान ऐटीत बसलेला. पाण्याशी आला की त्याची शेपटी हलायला लागे. चाचा पोटाखाली जुनी चादर घालून त्याला उचलून धरत आणि तो पाण्यात चार पाय मारत चालत राही. "सरळ जा. सुकानू सरळ," चाचा म्हणत. काठावरून जाणाऱ्या कोळणी टोपली डोक्यावर तशीच ठेवून हसायला थांबत. "चाचा, पोराला पवायला शिकवताव काय?" चाचांचं उत्तर ठरलेलं: "न्हाय गो, पोरगा मला शिकवतो." घरी आल्यावर कप्तानाला गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून, उन्हात बसवायचं. मग चाचांचं स्वतःचं धुणं. त्याला वेळ लागायचा आणि तोवर चाचींचा चहा दोनदा गरम व्हायचा.

पावसाळा सरला आणि एके दिवशी कप्तान कुणाच्या आधाराशिवाय ती फळी चढून पडवीत आला. चाचांनी हाक मारून सगळं घर गोळा केलं. घर म्हणजे मी आणि चाची. "शुक्र हाय, अल्लाचा शुक्र हाय," एवढंच ते म्हणत राहिले.

त्याच सुमारास घडलेली गोष्ट. मी पायरीवर वह्या तपासत बसलो होतो. चाची अंगणात विळीवर मासे कापत होत्या आणि चाचा समोर बसून कप्तानाची नखं कापत होते. मासे झाले, चाची उठल्या. आधी हात जमिनीला टेकला, थांबल्या, मग खांब धरून वर आल्या. चाचांचा हात थांबला.

"हलिमा, तू माळ्यावर कदी गेली न्हायस?"

"माळ्यावर काय हाय? लोनच्याची बरनी तुमीच काढून देताव."

"जमिनीवर बसून नमाज कदी सोडलीस? खुर्ची कदी आनलीस?"

चाचींनी माशांच्या टोपलीवर झाकण ठेवलं. चाचा आठवत गेले. मुंब्र्याला लेकीकडे जायचं सोडलं, कारण तिचं घर वरच्या मजल्यावर. शेजारच्या लग्नात गाणी म्हणायला जायचं सोडलं, कारण तिथे सतरंजीवर बसावं लागतं. प्रत्येक वेळी काहीतरी कारण सांगितलेलं आणि प्रत्येक वेळी चाचांनी ते खरं मानलेलं.

"दुखतं तर बोलायचं न्हाय काय तू?"

"तुमी कुत्र्याला इचारलंव," चाची म्हणाल्या, "आज मला इचारताव." आणि मग त्या हसल्या, पण डोळ्यांना पदर लावून.

मी तिथून उठलो. जे ऐकायला नको ते ऐकल्यासारखं वाटलं. पुढच्या आठवड्यात चाचा त्यांना माणगावला हाडांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. व्यायाम आले, पट्टे आले, घरात एक उंच चौरंग आला आणि विळी त्यावर चढली. चाची दिवसभर कुरकुरायच्या, की आता हा माणूस मलापण खाडीत घेऊन जाईल. पण त्या रमजानात त्या लेकीकडे मुंब्र्याला जाऊन आल्या. आधाराने, कठडा धरून, पण वरच्या मजल्यावर चढल्या. चाचांची एक बोलायची पद्धतच होऊन बसली. कुणी म्हणालं, आमचा म्हातारा बरा आहे, काही तक्रार नाही, की चाचा विचारणार, "सोडलंन काय काय, ते बोल." लोक चिडायचे. मी मात्र त्यानंतर गावी आईला फोन करताना "बरी आहेस ना?" असं विचारणं बंद केलं. अलीकडे देवळात कधी गेली होतीस, असं विचारू लागलो, आणि तिने विषय बदलला तेव्हा मला जे कळायचं ते कळलं.

कप्तानाला या सगळ्या सायासाने दोन चांगली वर्षं मिळाली. मॅडमनाही इतकी अपेक्षा नव्हती. पण वय थांबत नाही. यंदाच्या थंडीत त्याचे मागचे पाय जवळजवळ गेले. गोळी वाढवली, दुसरी दिली. चाचा त्याला उचलून गाडीवर ठेवत, उचलून पाण्यात उतरवत, उचलून परत आणत. त्यांची स्वतःची पाठ धरली तरी नेम सोडला नाही. पाण्यात आता कप्तान चालत नसे, नुसता तरंगत असे, आणि चाचा म्हणत, "आज जरा पाय हालवलान, बघितलंव मास्तर?" मी हो म्हणायचो. खरं तर मला काही दिसलं नव्हतं.

एका सकाळी भरती चांगली होती, ऊनही कोवळं पडलं होतं. चाचांनी गाडी काठाशी लावली, पोटाखाली चादर घातली. कप्तानाने पाण्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. चाचांनी हाक मारली, "सरळ, कप्तान." त्याने तोंड चाचांच्या कोपराखाली खुपसलं आणि तसाच राहिला.  मग चाचा वाळूवर बसले.

"मास्तर, लय दिवस झाले, ह्यो इलाज त्याचा न्हाय चाललेला," ते म्हणाले. "माझा चाललाय. त्याला दुखतंय, आन मला बरं वाटावं म्हनून तो पान्यात जातोय."

 त्यांना तर सगळं दिसलं होतं. या वेळी मॅडमनी विचारावं लागलं नाही, त्यांचं त्यांनीच पाहिलं. मग म्हणाले, "मॅडमला फोन लावा." मी विचारलं, मौलवीसाहेबांशी बोलायचं का आधी? त्यांनी मान हलवली. "न्हाय. हे माझं मी बघीन. वर जाब द्यायचा तर मी देईन."

मॅडम दुपारी आल्या. त्यांनी कप्तानाला तपासलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चाचांना विचारलं, नक्की ना? चाचांनी मान डोलावली. एवढंच विचारलं, की सुई त्याला टोचेल का. मॅडम म्हणाल्या, पहिली टोचेल, तिनं झोप लागेल, मग काही कळणार नाही. चाचांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि जहाजावरच्या कुठल्या तरी बंदराबद्दल त्याच्याशी बोलत राहिले, झोप लागेपर्यंत आणि त्यानंतरही. वाडीत, कुंपणाशी, आम्ही त्याला पुरलं. चाचांनी कुदळ मला हातात घेऊ दिली नाही.

मी अंघोळ करून जेवायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो. जेवणाची वेळ टळून गेली होती. गॅस बंद होता, भांडी पालथी होती. चाची खुर्चीवर बसल्या होत्या आणि समोर चाचा भिंतीला टेकून जमिनीवर. ज्या बाईने इतकी वर्षं त्या कुत्र्याला उंबरा ओलांडू दिला नव्हता, ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"मास्तर, आज घरात मयत हाय. मयताच्या घरात चूल पेटवीत न्हाईत. आज जेवान तुमी घालायचं आमाला."

चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते पहिल्यांदा रडले. मला स्वयंपाक म्हणून पिठलं-भाताखेरीज काही येत नाही. खोलीतल्या चहाच्या स्टोव्हवर तेच केलं, पातेल्यावर ताट झाकून घेऊन आलो, आणि त्या दोघांना वाढलं.